अडचणीतला क्लब आणि खेळाडूंचे करार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉल संघ गुणतक्त्याच्या तळाशी घुटमळू लागला की पाठीराख्यांमध्ये दोन तट पडतात. एकाला सगळ्यांनाच निरोप द्यायचा असतो, तर दुसऱ्याला जो थोडाफार बरा खेळतो त्याला आजच्या आज पाच वर्षांसाठी बांधून ठेवायचे असते. या वादात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांमागची भूमिका एकच आहे: अडचणीतल्या क्लबच्या बाबतीत करार कोणाशी करावा यापेक्षा त्याचा निर्णय केव्हा घेतला, यावर बहुतेक गोष्टी ठरतात.

करार वाढवण्याची बोलणी केव्हा सुरू व्हायला हवीत?

करारात दोन हंगाम शिल्लक असतानाच. त्या वेळी क्लबसमोर तीन वाटा खुल्या असतात: करार वाढवणे, चांगल्या किमतीला खेळाडू विकणे, किंवा आणखी काही महिने त्याचा खेळ पाहणे. एकच हंगाम उरला की तिसरी वाट बंद होते आणि दुसरीची किंमत झपाट्याने घसरते, कारण थोडे थांबले तर हाच खेळाडू हस्तांतरण शुल्क (जुन्या क्लबला द्यायची रक्कम) न देता मिळेल, हे खरेदीदार क्लबला ठाऊक असते. पाठीराख्यांचा वाद मात्र बहुधा शेवटच्या हंगामाच्या मध्यावर पेटतो. तोवर क्लबच्या हातात फारसे काही उरलेले नसते आणि ‘ठेवावा की सोडावा’ याचा निर्णय खेळाडू व त्याचा एजंट घेत असतात.

शेवटच्या सहा महिन्यांत नेमके काय बदलते?

फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमांनुसार, करारबद्ध खेळाडूशी बोलणी करू इच्छिणाऱ्या क्लबने आधी त्याच्या सध्याच्या क्लबला लेखी कळवावे लागते. मात्र नवा करार करण्याची मोकळीक खेळाडूला जुना करार संपल्यावर किंवा तो संपायला सहा महिने उरल्यावरच मिळते. म्हणूनच जूनअखेर संपणाऱ्या करारांच्या बाबतीत जानेवारी महिना निर्णायक ठरतो. अर्थात, दोन क्लबांत हस्तांतरणाचा सौदा झाला तर खेळाडू त्याआधीही जाऊ शकतो.

या मोकळिकीचा पाया १५ डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालात आहे. बेल्जियमच्या लीज क्लबकडून खेळणाऱ्या जाँ-मार्क बोस्मनचा करार १९९० मध्ये संपला होता, तरीही त्याला फ्रान्समधील डंकर्क क्लबकडे जाता आले नाही, कारण तेव्हा करार संपल्यावरही जुना क्लब शुल्क मागू शकत असे. युरोपीय न्यायालयाने ही पद्धत युरोपीय संघातील खेळाडूंच्या बाबतीत बेकायदा ठरवली. तेव्हापासून करारातील उरलेला काळ हीच क्लबची मालमत्ता झाली आणि ती दर महिन्याला झिजू लागली.

खेळाडू फुकटात गेला तर क्लबचे खरोखर किती नुकसान होते?

एखाद्या खेळाडूपुरते पाहिले तर हे नुकसान अनेकदा सोसण्याजोगे असते. तळाचे संघ हंगामाअखेर खालच्या श्रेणीत ढकलले जातात; त्याने शेवटच्या हंगामात संघाला श्रेणीत टिकवून ठेवले, तर न मिळालेल्या शुल्कापेक्षा वाचलेले उत्पन्न मोठे असू शकते. म्हणून ‘फुकटात सोडला’ एवढ्यावरून व्यवस्थापनाला दोषी धरणे बरोबर नाही.

तीच गोष्ट दर वर्षी घडू लागली की चित्र बदलते. जर्मनीतील शाल्के ०४ या क्लबचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०१६ मध्ये योएल मातिप लिव्हरपूलकडे गेला, २०१७ मध्ये सेआद कोलाशिनाच आर्सेनलकडे गेला, २०१८ मध्ये लिओन गोरेत्झका बायर्न म्युनिककडे आणि माक्स मायर क्रिस्टल पॅलेसकडे गेला, तर २०२० मध्ये गोलरक्षक अलेक्झांडर न्यूबेल बायर्नकडे गेला. हे पाचही जण करार संपवून गेले आणि त्यांच्यापोटी क्लबला हस्तांतरण शुल्क मिळाले नाही. २०१८ मध्ये बुंडेसलीगा या जर्मनीच्या सर्वोच्च श्रेणीत दुसरा आलेला हा संघ २०२१ मध्ये खालच्या श्रेणीत गेला. त्या घसरणीला कर्ज, महामारी, एकामागून एक बदललेले प्रशिक्षक आणि फसलेल्या खरेद्या अशी बरीच कारणे होती, त्यामुळे सगळा दोष करारांवर टाकता येणार नाही. परंतु स्वतः घडवलेले किंवा नावारूपाला आणलेले खेळाडू विकून त्यांच्या जागी नवे आणणे हाच ज्या क्लबचा चरितार्थ, त्याने विक्रीची संधी वारंवार गमावली, तर नव्या खेळाडूंसाठी पैसा उसनाच आणावा लागतो, आणि वाईट हंगाम आला की ते ओझे एकदम अंगावर येते.

श्रेणीत टिकण्याची खात्री नसताना क्लबने करार करावेत का?

अडचणीतल्या क्लबचा खरा पेच हाच आहे. पुढच्या वर्षी आपण कोणत्या श्रेणीत असू हे क्लबला माहीत नसते. वरच्या श्रेणीच्या उत्पन्नावर बेतलेला पगार खालच्या श्रेणीत परवडत नाही आणि खालच्या श्रेणीला साजेशा पगारावर चांगला खेळाडू सही करत नाही. म्हणून ‘हंगाम संपल्यावर पाहू’ असे म्हटले जाते. ते ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण हंगाम संपतो तेव्हा खेळाडू दुसरीकडे सही करून मोकळा झालेला असतो.

यावरचा उपाय करारातच आहे. श्रेणी घसरल्यास पगार ठरावीक प्रमाणात आपोआप कमी होईल असे कलम घालता येते. त्याच्या बदल्यात खेळाडूला घसरणीनंतर ठरलेल्या रकमेत क्लब सोडण्याची मुभा देता येते आणि श्रेणी टिकल्यास बोनस ठेवता येतो. अशी कलमे असली की दोन्ही पक्ष अनिश्चिततेतही सही करू शकतात. ती नसली तर काय होते, हे इंग्लंडमधील संडरलँड क्लबच्या पाठीराख्यांना चांगलेच ठाऊक आहे. जॅक रॉडवेल या खेळाडूच्या २०१४ च्या पाच वर्षांच्या करारात पगारकपातीचे कलम नव्हते. क्लब २०१७ मध्ये प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून आणि २०१८ मध्ये त्याखालच्या श्रेणीतूनही घसरला, तरी त्याचा पगार वरच्या श्रेणीचाच राहिला. अखेर जून २०१८ मध्ये परस्पर संमतीने तो करार संपवण्यात आला. या प्रकरणात राग खेळाडूवर निघाला. सही दोघांनी केली होती आणि कलम घालण्याची जबाबदारी क्लबची होती, हे मात्र फार थोड्यांनी लक्षात घेतले.

तिशी ओलांडलेल्या कर्णधाराचे काय करावे?

या प्रश्नावर भावना सर्वाधिक उफाळतात. त्याने दहा वर्षे घाम गाळला असेल, जर्सीवरच्या चिन्हाचा मान राखला असेल, ड्रेसिंग रूम सांभाळली असेल. या सगळ्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही, पण करार पुढच्या हंगामांसाठी असतो. मागच्या सेवेचे ऋण फेडायचे असेल तर त्यासाठी सन्मानाचा सामना आहे, निवृत्तीनंतर प्रशिक्षकवर्गात स्थान आहे.

एकच मोठा करार देण्यापेक्षा एकेक वर्षाची वाढ आणि खेळलेल्या सामन्यांनुसार मानधन हा मार्ग बऱ्याचदा दोघांनाही सोयीचा असतो. याच्या उलट उदाहरण आर्सेनलचे. सप्टेंबर २०२० मध्ये पिएर-एमरिक ऑबामेयांगने वयाच्या ३१ व्या वर्षी तीन वर्षांचा नवा करार केला, तेव्हा जवळपास सर्वच पाठीराखे आनंदात होते. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचे कर्णधारपद काढून घेण्यात आले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, करार बाकी असतानाच, तो बार्सिलोनाकडे गेला. त्याच क्लबने २०१८ च्या सुरुवातीला मेसूत ओझीलला मोठा करार दिला होता. करार संपत आलेला अलेक्सिस सांचेझ नुकताच गेला होता आणि आणखी एक मोठा खेळाडू हातचा जाऊ देणे क्लबला परवडणारे नव्हते. ओझीलही २०२१ च्या जानेवारीत करार पूर्ण होण्याआधीच बाहेर पडला. दोन्ही वेळा सहीच्या दिवशी जल्लोष होता. म्हणून सहीच्या दिवसाच्या जल्लोषावरून निर्णयाचे मोजमाप करू नये, असे माझे मत आहे.

अकादमीतल्या तरुणांना लगेच दीर्घ करार द्यावेत का?

बहुतेक वेळा होय, आणि अडचणीतल्या क्लबने तर जरूर द्यावेत. त्यांचा पगार कमी असतो, जोखीम लहान असते, आणि एखादा चमकला तर त्याच्या विक्रीतून मिळणारी जवळपास सगळी रक्कम हिशेबात नफा म्हणून धरली जाते. फिफाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, त्यामुळे अठरावा वाढदिवस ही क्लबने दिनदर्शिकेत आधीच खूण करून ठेवावी अशी तारीख आहे.

तरुण खेळाडू करार संपवून गेला तरी काही ठिकाणी क्लबच्या हाती काही तरी पडते. इंग्लंडमध्ये २४ वर्षांखालील खेळाडूला जुन्या क्लबने योग्य प्रस्ताव दिला असेल, तर नव्या क्लबला भरपाई द्यावी लागते आणि एकमत न झाल्यास लवाद ती ठरवतो. २०१५ मध्ये डॅनी इंग्ज बर्नली सोडून लिव्हरपूलकडे गेला तेव्हा अशीच ६५ लाख पौंडांची भरपाई ठरली आणि पुढील अटींनुसार तिच्यात वाढीची तरतूद होती. येथे एक बारकावा आहे: खेळाडू सही करणार नाही हे माहीत असूनही क्लबने लेखी प्रस्ताव द्यायचा असतो, कारण भरपाईचा हक्क त्या प्रस्तावावर अवलंबून असतो. पाठीराखे ज्याला ‘वेळकाढू नाटक’ म्हणतात, ते कधी कधी हक्क राखण्यासाठी केलेले कागदी काम असते.

करार वाढवल्याने क्लबच्या हिशेबात काय फरक पडतो?

हा भाग रुक्ष आहे, पण अनेक गैरसमज येथूनच सुरू होतात. खेळाडू विकत घेताना दिलेले शुल्क एकाच वर्षी खर्च म्हणून दाखवले जात नाही, ते कराराच्या वर्षांवर विभागले जाते. समजा, ६० एकक शुल्क देऊन चार वर्षांचा करार केला, तर दर वर्षी १५ एकक खर्च दिसतो. तीन वर्षांनंतर १५ एकक बाकी राहतात. त्या वेळी करार आणखी दोन वर्षांनी वाढवला, तर उरलेले १५ एकक आता तीन वर्षांवर पसरतात आणि वार्षिक खर्च पाचवर येतो. म्हणजे पगार वाढवूनही हिशेबातला वार्षिक बोजा कमी झालेला दिसू शकतो. एखाद्या सामान्य खेळाडूचा करार क्लब का वाढवतो, याचे उत्तर कधी कधी मैदानात न मिळता येथे मिळते.

या युक्तीलाही मर्यादा आहेत. चेल्सीने २०२३ च्या जानेवारीत मिखाइलो मुद्रिकसारख्या खेळाडूंशी आठ वर्षांहून अधिक काळाचे करार केले, तेव्हा शुल्क इतक्या वर्षांवर पसरवणे योग्य आहे का यावर मोठी चर्चा झाली. त्यानंतर युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने आणि पाठोपाठ प्रीमियर लीगने ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांची केली.

मालक श्रीमंत आहे, मग पगार का देत नाही?

कारण अनेक लीगांमध्ये मालकाची संपत्ती किती, यापेक्षा क्लबचे उत्पन्न व तोटा किती, हे पाहिले जाते. प्रीमियर लीगच्या नियमांत तीन वर्षांच्या तोट्याला जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांची मर्यादा होती. तिच्या उल्लंघनाबद्दल २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनचे आधी दहा गुण कापले गेले, अपिलात ते सहावर आले आणि नंतर दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन गुण गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण गेले. तळाच्या संघाला चार गुण म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. युएफाच्या स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांसाठी संघावरील खर्चाचे उत्पन्नाशी प्रमाण टप्प्याटप्प्याने ७० टक्क्यांवर आणले गेले आहे. स्पेनमध्ये तर खर्चाची मर्यादा आधीच ठरते, आणि तिच्यामुळेच ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोनाला लिओनेल मेस्सीची नोंदणी करणे शक्य झाले नाही.

‘एक वर्षाचा पर्याय’ असतो म्हणजे काय?

मूळ मुदतीनंतर करार आणखी एक वर्ष वाढवण्याचा हक्क. तो कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहावे. तो क्लबच्या हातात असेल तर ठरलेल्या तारखेपूर्वी लेखी कळवून करार वाढवता येतो आणि खेळाडूची बाजारातली किंमत टिकते. तो खेळाडूच्या हातात असेल तर क्लबने त्या वर्षावर भिस्त ठेवू नये. किलियन एम्बापेने २०२२ मध्ये पॅरिस सेंट जर्मेनशी केलेल्या करारात जादा वर्षाचा पर्याय त्याच्याकडे होता. तो वापरणार नसल्याचे त्याने २०२३ मध्ये कळवले आणि २०२४ मध्ये तो शुल्काविना रेआल माद्रिदकडे गेला. ‘अमुक वर्षापर्यंत करारबद्ध’ अशी बातमी वाचताना हा फरक लक्षात घ्यावा.

सही न करणाऱ्या खेळाडूला संघाबाहेर बसवावे का?

पाठीराख्यांना हा उपाय आवडतो. मला तो क्वचितच पटतो. तळाशी असलेल्या संघाने आपला उत्तम खेळाडू प्रेक्षागृहात बसवला तर शिक्षा कोणाला होते? शिवाय यात कायदेशीर धोकाही आहे. खेळाडूला करार मोडायला किंवा त्याच्या अटी बदलायला भाग पाडण्यासाठी क्लबने छळवणूक केली, तर फिफाच्या नियमांनुसार खेळाडूला योग्य कारणास्तव करार संपवण्याचा हक्क मिळू शकतो. प्रशिक्षकाने खेळाच्या निकषावर निवड करणे वेगळे आणि सहीसाठी एखाद्याला एकट्याने सराव करायला लावणे वेगळे. ज्याचे मन उडाले आहे आणि ते खेळातही दिसते आहे, त्याला वगळण्यात मात्र काहीच गैर नाही.

खेळाडू मध्येच करार मोडून जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. फिफाच्या नियमांत ‘संरक्षित कालावधी’ आहे: २८ वर्षे पूर्ण होण्याआधी केलेल्या कराराची पहिली तीन वर्षे किंवा हंगाम, आणि त्यानंतर केलेल्या कराराची पहिली दोन. या काळात कारणाशिवाय करार मोडल्यास भरपाईबरोबर खेळबंदीही लागू शकते. अँडी वेब्स्टरने २००६ मध्ये हा काळ संपल्यावर स्कॉटलंडचा हार्ट्स क्लब सोडून इंग्लंडमधील विगनची वाट धरली आणि २००८ मध्ये क्रीडा लवादाने त्याची भरपाई करारातील उरलेल्या पगाराएवढीच ठरवली. भरपाई कशी ठरवावी यावरचे वाद त्यानंतरही चालू राहिले. फ्रेंच खेळाडू लासाना दियारा याच्या करार मोडण्याच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालानंतर फिफाला हे नियम बदलावे लागले.

क्लबच्या दृष्टीने यातली उपयोगी गोष्ट अशी की करार वाढवताना मुदत वाढली, तर संरक्षित कालावधी पुन्हा नव्याने सुरू होतो. आणि गैरसोयीची गोष्ट अशी की दोन महिन्यांचे पगार थकले, खेळाडूने लेखी नोटीस दिली आणि पंधरा दिवसांत पैसे मिळाले नाहीत, तर त्याला करार संपवण्याचे योग्य कारण मिळते. अडचणीतला क्लब पगार थकवून करारवाढीची भाषा करत असेल, तर एजंटाच्या हातात कोणता पत्ता आहे हे ओळखावे.

सही न करणारा खेळाडू बेइमान असतो का?

नाही. दुखापतीने कारकीर्द केव्हाही संपू शकते आणि चांगल्या कमाईची वर्षे मोजकी असतात. हंगाम चांगला गेला नाही तर हाच क्लब त्याला विनासंकोच सोडून देतो. इंग्लंडमधील बोर्नमथ क्लबच्या रायन फ्रेझरचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. महामारीमुळे २०२० चा हंगाम लांबला तेव्हा त्याने ३० जूननंतरची थोड्या दिवसांची मुदतवाढ नाकारली, बोर्नमथ त्याच्याविना उरलेले सामने खेळला आणि घसरला. पाठीराख्यांचा राग समजण्यासारखा होता. मात्र कराराशिवाय दुसरीकडे जाऊ पाहणाऱ्याने काही सामन्यांसाठी पायाची जोखीम घ्यावी, ही अपेक्षा किती रास्त, यावर माझे मत त्यांच्यापेक्षा वेगळे आहे.

एकाच वेळी बरेच करार संपत असतील तर?

तर धोका सर्वांत मोठा, आणि तो दोन हंगाम आधीच तारखांवरून दिसतो. २०२२ मध्ये बर्नली घसरला तेव्हा जेम्स टारकोव्स्की आणि बेन मी हे दोन्ही मुख्य बचावपटू करार संपवून अनुक्रमे एव्हर्टन व ब्रेंटफर्डकडे गेले. २०२३ मध्ये लेस्टर घसरला तेव्हा युरी टिलेमान्स, चालर सोयुंजू आणि जॉनी इव्हान्स यांचे करार एकाच वेळी संपले. ज्या हंगामात टिकून राहण्यासाठी झुंजायचे, त्याच हंगामात अर्ध्या बचावफळीला आपण पुढच्या वर्षी कुठे असू हे माहीत नव्हते. मुदती वेगवेगळ्या वर्षांत संपतील अशी आखणी करणे हे क्रीडा संचालकाचे प्राथमिक काम आहे, आणि ते जमले नसेल तर जाब त्याला विचारावा.

नवा प्रशिक्षक येईपर्यंत निर्णय थांबवावेत का?

अडचणीतल्या क्लबमध्ये प्रशिक्षक वारंवार बदलतात, त्यामुळे प्रत्येकासाठी थांबायचे ठरवले तर कोणताच करार वेळेवर होणार नाही. गोलरक्षक, मुख्य बचावपटू आणि अकादमीतले गुणी तरुण यांचे निर्णय क्लबने स्वतःच्या धोरणाने घ्यावेत. विशिष्ट शैलीतच उपयोगी पडणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत तेवढे थांबावे, आणि तेही जानेवारीच्या पुढे नको.